‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ म्हणे!

मंडळी, आमच्या धंद्यात एक वाक्य फार स्वस्त झालंय. "टेक्निकली ते शक्य नाही." वाक्य एवढंसं, पण मोठं गुणी. ते उच्चारलं की समोरचा गप्प बसतो. खर्च परवडत नाही म्हटलं तर लोक घासाघीस करतात. वेळ नाही म्हटलं तर "पुढच्या महिन्यात द्या" म्हणतात. पण ‘टेक्निकली’ म्हटलं की संपलं. देवळातल्या कौलासारखं आहे ते. कौल लागला, आता उठा.

आज शनिवार, ७.१२ ची गाडी पकडायची घाई नाही, तेव्हा या वाक्याची जरा चिरफाड करू. त्यासाठीचं माझं आवडतं उदाहरण कुठल्या सरकारी खात्यातलं नाही, व्हिडिओ गेमच्या रिमोटमधलं आहे. (कंट्रोलर म्हणा हवं तर. विरार पूर्वेला पोरं रिमोटच म्हणायची.) हसू नका. खेळण्यातलं उदाहरण एवढ्यासाठी घेतोय की त्यात सगळ्या तारखा उघड आहेत आणि खोटेपणा लपवायला जागाच उरत नाही.

आधी थरथरीबद्दल

गेम खेळताना गाडी भिंतीवर आपटली की रिमोट हातात थरथरतो. त्यात जादू काही नाही. आत एक छोटी मोटर असते आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेलं वजन. मोटर फिरली की ते वजन भोवती फेकलं जातं आणि सगळा रिमोट हादरतो. मोबाईल सायलेंटवर टाकल्यावर जे होतं तेच. निन्टेन्डोने १९९७ साली निन्टेन्डो ६४ साठी ‘रंबल पॅक’ काढला, तो रिमोटला वेगळा जोडावा लागायचा. त्याच वर्षी जपानमध्ये सोनीचा ड्युअलशॉक आला. त्यात दोन मोटरी होत्या, एक जड वजनाची आणि एक हलक्या वजनाची. जड मोटर धक्क्यासाठी, हलकी नुसत्या कुरकुरीसाठी.

ही काही चैन नव्हती. आमच्या मनवेलपाड्यासारख्या वस्तीत त्या काळी घरी प्लेस्टेशन असणं म्हणजे बडी बात. पोरं खेळायची ती गल्लीतल्या गेम पार्लरमध्ये, तासावर पैसे मोजून. एका गाळ्यात चार टीव्ही, चारांचे आवाज एकमेकांत कालवलेले, वर पंख्याची घरघर. कोणाची गाडी आपटली आणि कोणाला गोळी लागली हे कानाने कळायची सोयच नाही. कळायचं ते तळहाताला. आणि ज्याला ऐकूच येत नाही अशा खेळाडूचा विचार करा. त्याला पाठीमागून हल्ला झाला हे सांगायला पडद्याबाहेर ही एकच वाट आहे.

खेळ बनवणाऱ्यांनीही या वाटेचा छान उपयोग केला. १९९८ च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये हिदेओ कोजिमाने एक खलनायक ठेवलाय, तो म्हणतो रिमोट जमिनीवर ठेव, मी मनाच्या शक्तीने हलवून दाखवतो. आणि रिमोट जमिनीवर खरोखर सरकतो! मोटर तीच, दोन दमडीची. पण पोरं उडालीच असणार.

आता २००६

मे २००६. लॉस एंजेलिसच्या ई-३ प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशन ३ चा रिमोट दाखवला. नाव सिक्सॅक्सिस. यात नवीन काय, तर तो हालचाल ओळखणार. रिमोट डावीकडे कलवला की विमान डावीकडे. आत तीन दिशांचा प्रवेग मोजणारा सेन्सर आणि जोडीला एक गायरोस्कोप. छान.

पण थरथर गायब! ‘शॉक’ गेला म्हणून नावातूनही शॉक गेला. दोन मोटरी काढल्यामुळे रिमोट इतका हलका झाला की हातात घेतल्यावर आत काही आहे की नाही असं वाटावं. कारण विचारलं तर उत्तर मिळालं की मोटरीच्या थरथरीमुळे हालचालीचा सेन्सर गोंधळतो. दोन्ही एका रिमोटमध्ये नांदू शकत नाहीत. तांत्रिक अडचण.

झालं, कौल लागला. लोक म्हणाले, सोनी सांगतेय म्हणजे असेल बुवा.

आता आपण इंजिनिअर आहोत, तर इंजिनिअरसारखं बघू.

थरथरीने सेन्सर गडबडतो का? गडबडतो. ते खोटं नाही. खिशातला मोबाईल सायलेंटवर ठेवून स्टेशनहून शेअर रिक्षाने मनवेलपाड्याला या. घरून चार फोन येऊन गेले तरी कळत नाही, कारण रिक्षा त्याहून जास्त थरथरत असते. एक थरथर दुसरीला गिळते, हे विरारकराला शिकवायला सोनी नको.

पण अडचण असणं वेगळं आणि अशक्य असणं वेगळं. त्याच रिक्षाचा चालक बघा. दोन्ही हातांतलं हँडल सतत थडथडतंय, तरी खड्डा कुठला, चाक कुठे घसरतंय आणि वळण किती घ्यायचं हे त्याला त्या हँडलमधूनच कळतं. विरार फास्टमधले झोपाळू घ्या. सगळा डबा हलतोय, डोळे मिटलेले, पण भाईंदर सोडून गाडी वसईच्या खाडीपुलावर चढली की निम्मी मंडळी जागी होतात. एवढ्या थरथरीतून शरीराने नेमका तो बदल निवडून काढला. कसा? वेगवेगळ्या गतीच्या हालचाली वेगळ्या करून.

यंत्रातही तेच करायचं असतं. माणूस हात मुद्दाम हलवतो तो सेकंदाला फार तर पाच-दहा वेळा. मोटर थरथरते ती सेकंदाला अनेक दहा वेळा, कधी शंभराच्याही वर. म्हणजे जाड रवा आणि बारीक पीठ एकत्र झालंय, चाळणी लावा. या चाळणीला आमच्यात फिल्टर म्हणतात आणि ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकवतात. वर बेरीज-वजाबाकीचा भागही सोपा आहे. मोटरीचा धक्का एकदा इकडे, एकदा तिकडे असतो, त्याची सरासरी शून्याजवळ जाते. रिमोट कलवल्यावर गुरुत्वाकर्षणाचा जो भाग बदलतो तो तसाच टिकून राहतो.

एक खरी मेख आहे, ती सांगतो. जुन्या सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तसं इथेही होऊ शकतं. सेन्सरचं माप तुम्ही फार सावकाश घेतलंत, तर जलद थरथर मंद हालचालीचं सोंग घेऊन समोर येते, आणि मग ती कुठल्याच चाळणीने निघत नाही. उपाय काय? माप घेण्याच्या आधीच चाळणी लावायची, आणि मापं पुरेशी भरभर घ्यायची. दुसरी मेख म्हणजे धक्का सेन्सरच्या आवाक्याबाहेर गेला तर माप कापलं जातं. उपाय, जास्त आवाक्याचा सेन्सर घ्यायचा किंवा मोटर त्याच्यापासून लांब, जरा मऊ बैठकीवर बसवायची. ही सगळी कामं कष्टाची आहेत, पण अशक्य यातलं एकही नाही.

आणि सर्वात मोठी गोष्ट. ही थरथर कोण करतंय? तुमचाच कन्सोल! मोटर कधी सुरू झाली, किती जोरात फिरतेय आणि कधी थांबणार, याचा हुकूम तुम्हीच सोडलाय. आपणच मिक्सर लावायचा आणि आपणच "कोण आवाज करतंय रे?" म्हणून ओरडायचं, यातला प्रकार झाला.

पुरावा बाजारातच होता

बरं, हे नुसतं फळ्यावरचं गणित नाही. निन्टेन्डोने २००४ साली जपानमध्ये ‘वारिओवेअर: ट्विस्टेड’ नावाचा गेम काढला होता, गेम बॉय ॲडव्हान्ससाठी. त्याच्या एवढ्याशा कार्ट्रिजमध्ये फिरणं ओळखणारा गायरो होता आणि थरथरणारी मोटरही होती. दोन्ही एकाच डबीत, काडेपेटीएवढ्या जागेत. सोनीचं ‘अशक्य’ येण्याआधी दोन वर्षं.

आणि २००६ च्या नोव्हेंबरात तर कमालच झाली. १७ तारखेला अमेरिकेत प्लेस्टेशन ३ विक्रीला आला. १९ तारखेला तिथेच निन्टेन्डोचा वी आला. वीचा रिमोट म्हणजे सगळा खेळच हालचालीचा. टेनिसची रॅकेट फिरवल्यासारखा हात फिरवायचा. आणि चेंडू लागला की तो रिमोट थरथरायचा! सोनीपेक्षा स्वस्त यंत्र, त्यात अशक्य गोष्ट घडलेली, दोन दिवसांच्या अंतराने.

त्याच वर्षी नोकियाने ५५०० स्पोर्ट हा फोन जाहीर केला. त्यात चाल मोजणारा सेन्सर होता आणि फोन आला की व्हायब्रेटही व्हायचा. म्हणजे अशक्य गोष्ट लोक खिशात घेऊन हिंडणार होते.

मग खरं काय होतं?

आता कोर्टाच्या तारखा ऐका. अमेरिकेत इमर्शन नावाची कंपनी आहे, स्पर्शाच्या तंत्रज्ञानाची पेटंटं बाळगणारी. २००२ साली तिने सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांवर दावा ठोकला की तुमच्या रिमोटची थरथर आमच्या पेटंटांत बसते. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये २ कोटी ६० लाख डॉलरचा व्यवहार करून विषय मिटवला. सोनी लढली. २००४ साली ज्यूरीने सोनीविरुद्ध ८ कोटी २० लाख डॉलरचा निकाल दिला, आणि २००५ मध्ये न्यायाधीशांनी व्याज वगैरे धरून तो ९ कोटींच्या वर नेला. सोनी अपिलात गेली.

म्हणजे मे २००६ मध्ये जेव्हा व्यासपीठावरून ‘सेन्सर गोंधळतो’ सांगितलं जात होतं, तेव्हा थरथरीच्याच पेटंटवरून हरलेला खटला अपिलात लटकत होता. गंमत म्हणजे इमर्शनच्या प्रमुखांनी तेव्हाच जाहीर सांगितलं की हा प्रश्न फारसा अवघड नाही, आमची माणसं सोडवून देतील. (अर्थात त्यांनाही गिऱ्हाईक हवं होतं. पण ज्याला धंदा कळतो तोच असं बोलतो.)

२००७ च्या सुरुवातीला सोनीच्या स्टुडिओंचे प्रमुख फिल हॅरिसन यांनी मुलाखतीत सूरच बदलला. थरथर ही मागच्या पिढीची गोष्ट आहे, पुढच्या पिढीची गोष्ट म्हणजे हालचाल, असा तो नवा सूर. कोल्ह्याला द्राक्षं आंबट आपण लहानपणी ऐकलंय, पण इथे द्राक्षं जुन्या फॅशनची निघाली. :-)

मार्च २००७ मध्ये सोनी आणि इमर्शनचा समझोता झाला. पैसे दिले गेले.

सप्टेंबर २००७. टोकियो गेम शो. सोनीने नवा रिमोट जाहीर केला, ड्युअलशॉक ३. त्यात हालचाल ओळखणारे सेन्सर. आणि दोन मोटरी. थरथर परत! नोव्हेंबरात तो जपानच्या दुकानांत होता, २००८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत.

जे विज्ञानाला जमत नव्हतं ते समझोत्याच्या कागदावर सही होताच सहा महिन्यांत जमलं. निसर्गाचे नियम वकिलांना इतके घाबरतात हे मला तरी माहीत नव्हतं.

दुसऱ्याच्या मनातला हेतू मी पाहिलेला नाही. तारखा मात्र पाहिल्या आहेत, आणि त्या मी ओळीने लावून दिल्या. निष्कर्ष तुमचा तुम्ही काढा, माझा मी काढलाय.

बचावाचे तीन मुद्दे

आमच्या ऑफिसात हा विषय काढला की तीन उत्तरं हमखास येतात.

एक, खर्च वाढला असता. मान्य! मग ‘खर्च वाढतो’ म्हणा. ते खरं कारण आहे आणि लोकांना कळतं. आणि खर्चाची गोष्ट काढलीच आहे, तर २००७ च्या एप्रिलमध्ये प्लेस्टेशन ३ भारतात आला तो ३९,९९० रुपयांना. त्या पैशात इथे कित्येक घरांचा वर्षभराचा किराणा भरत होता. एवढे मोजणाऱ्याच्या हातात मुका रिमोट द्यायचा, आणि वर्षभराने आवाज फुटलेला रिमोट वेगळे पैसे घेऊन विकायचा. याला बचत म्हणत असतील तर ती कुणाची?

दोन, खटला चालू असताना कंपनी खरं कसं बोलणार? हेही मान्य, वकील गप्प बसायला सांगतात. मग गप्प बसा ना! "यावर आम्ही आत्ता काही बोलू शकत नाही" या वाक्याने कुठलंही अपील हरत नाही. गप्प राहणं आणि विज्ञानाच्या नावावर खपवणं, यात फरक आहे.

तीन, नेमबाजीच्या गेममध्ये थरथर चालू असताना नेम हलतो. हा मुद्दा चांगला आहे, कारण हात खरोखर हलतो. पण त्याचं उत्तर सेटिंगमधला एक पर्याय आहे, थरथर चालू किंवा बंद. ज्याचे सांधे दुखतात त्यालाही तो पर्याय हवाच. पण पर्याय देणं म्हणजे मोटर उपटून टाकणं नव्हे.

दोन्ही मिळूनच एक

मला खरा राग आहे तो आणखी एका गोष्टीचा. त्या उत्तराने हालचाल आणि थरथर यांना सवती ठरवलं, आणि पुष्कळ लोकांनी ते डोक्यात धरून ठेवलं. मुळात त्या जुळ्या बहिणी आहेत.

बाजारात नारळ घेताना आपण काय करतो? कानाशी धरून हलवतो. हात हलवतो म्हणून आतलं पाणी डुचमळतं, आणि ते डुचमळणं हाताला परत जाणवतं. पाणी किती, नारळ जुना की ताजा, हे हलवल्याशिवाय कळत नाही आणि जाणवल्याशिवाय हलवण्याला अर्थ नाही. सुपात तांदूळ पाखडणाऱ्या बाईला विचारा, हात सांगतो आणि हातच ऐकतो.

निन्टेन्डोने २०१७ साली स्विचबरोबर ‘वन-टू-स्विच’ हा गेम काढला. त्यात एक खेळ आहे. रिमोट हातात धरून हलके कलवायचा आणि आत किती गोळ्या आहेत ते ओळखायचं. आत गोळी एकही नाही! तुम्ही कलवता तसं यंत्र मोजतं, आणि गोळी घरंगळत जाऊन भिंतीला टेकल्याचा भास थरथरीतून हाताला देतं. हा आपला नारळच झाला. हालचाल आणि थरथर एकाच क्षणी, एकाच मुठीत, एकमेकींशिवाय निरर्थक. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ बरोबर आलेल्या सोनीच्याच ड्युअलसेन्सची जाहिरात तर या स्पर्शावरच झाली. मागच्या पिढीची गोष्ट पुढच्या दोन पिढ्या ओलांडून पोस्टरवर आली.

आज विरार लोकलच्या एका डब्यात चारशे माणसं कोंबलेली असतात, आणि बहुतेकांच्या खिशात कलणं ओळखणारा, पावलं मोजणारा आणि थरथरणारा फोन असतो. त्या डब्यात २००६ चं ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवावंसं वाटतं.

आपल्याला काय त्याचं?

बरंच आहे. सोनीची गोष्ट जुनी झाली, वाक्य अजून रोज वापरात आहे.

मराठीचंच घ्या. युनिकोडमध्ये देवनागरी अगदी पहिल्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे १९९१ पासून. तरी त्यानंतर कितीतरी वर्षं, फॉर्मवर मराठीत नाव का लिहिता येत नाही म्हणून विचारलं की खिडकीतून उत्तर यायचं, "सिस्टीममध्ये मराठी चालत नाही, टेक्निकल प्रॉब्लेम आहे." मी एका कंपनीच्या कामावर असताना अशाच एका बैठकीला बसलो होतो. गिऱ्हाईकाला मराठी पावती हवी होती. डेटाबेस देवनागरी साठवत होता, प्रिंटर छापत होता, फॉन्ट फुकट होता. अडचण एवढीच की कराराच्या किमतीत ते काम धरलेलं नव्हतं. निरोप काय गेला? "नॉट टेक्निकली फीजिबल." गिऱ्हाईकाने मान डोलावली. पावती वाचता न येणारी माणसं त्या बैठकीत नव्हती, म्हणून कोणाला काही वाटलंही नाही.

व्यवस्थापक खोटं बोलतात याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. पण ते खोटं आमच्या नावावर खपतं. त्या वाक्याला वजन आहे ते कधीतरी कोणीतरी खरंच गणित मांडून, रात्र जागून, "नाही हो, हे होणार नाही" असं प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून. तीच पत दुसरा कोणी विनातारण उधार घेतो आणि बुडवतो. पुढे एखादा पूल खरोखर वजन पेलणार नाही असं कोणी इंजिनिअर सांगेल, तेव्हा लोक म्हणतील, हे नेहमीचंच.

म्हणून माझं साधं मागणं आहे. नकार तीन प्रकारचे असतात. जमत नाही, परवडत नाही आणि करू देत नाहीत. तिन्ही सन्मानाने सांगता येतात आणि तिन्हींवर समोरच्याला काहीतरी करता येतं. जमत नसेल तर तो शोध लावेल, परवडत नसेल तर पैसे जमवेल, करू देत नसतील तर भांडेल. नकार चुकीच्या खणात टाकलात की त्याचं भांडणही चुकीच्या दाराशी जातं. सिक्सॅक्सिसच्या वेळी लोक फिल्टर आणि सेन्सरवर वाद घालत बसले, वाद घालायला हवा होता तो पेटंटांवर.

तेव्हा सोमवारी ऑफिसात कोणी ‘टेक्निकली’ म्हटलं की एकच प्रश्न विचारा. "नेमकं काय अडतंय? फळ्यावर काढून दाखवा." खरं असेल तर तो खडू उचलेल. खोटं असेल तर म्हणेल, "ते आपण ऑफलाइन बोलू."